तीन मिनिटांनंतरचा हिशेब

2025च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. पण त्या स्पर्धेचा विषय निघाला की नगरच्या टपरीवर आधी गदेची गोष्ट होत नाही, होते ती पंचाला मारलेल्या लाथेची. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पाठ टेकली की नाही यावरून वाद पेटला आणि चीतपट ठरवला गेलेला मल्ल पंचाच्या अंगावर गेला. पुढे किताबाच्या कुस्तीतही हरणारा मल्ल पंचांवर चिडून मॅट सोडून निघाला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. चूक पंचांची किती आणि मल्लांची किती, हा वाद बाजूला ठेवू. कुस्तीकडे हार पचवायला शिकवणारी पिढ्यान्‌पिढ्यांची यंत्रणा आहे: वस्ताद आहे, तालीम आहे, आखाड्यात उतरताना मातीला हात लावायची रीत आहे, कुस्ती सुटल्यावर एकमेकांना मिठी मारायची पद्धत आहे. एवढं सगळं असून एका निर्णयाने तोल जातो. मग ज्या स्पर्धेला अशी तालीमच नाही, जिथे उतरणारी पोरं-पोरी एकोणीस-वीस वर्षांची आहेत आणि मैदानात लढणारं अंग त्यांचं स्वतःचं नसून सहा महिने खपून जोडलेलं यंत्र आहे, तिथे हार-जीत माणसाचं काय करते?

नगर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. 1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या साखर कारखानदारीच्या गावांत महाविद्यालयं उभी राहिली. उसाच्या पट्ट्यातल्या मुलाला इंजिनिअर व्हायला पुण्याला जावंच लागेल अशी अट तेव्हा सुटली. आता अशा महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये रोबो बनवणारी टीम असणं नवलाचं राहिलेलं नाही. शाळांतही 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या. एका लॅबला वीस लाखांपर्यंत अनुदान, देशभरात अशा दहा हजार लॅब, सहावीपासूनची मुलं सेन्सर आणि मोटारी हाताळतात. आणि यंत्र बनलं की स्पर्धा आलीच. टीममध्ये असण्याचा अनुभव म्हणजे वर्षभर काम आणि शेवटी एका दिवसाचा निकाल, हे समीकरण आपोआप ठरून जातं.

सगळ्यात नावाजलेली स्पर्धा रोबोकॉन. तिचं मूळ जपानचं. टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेतले प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या प्रेरणेने 1988 मध्ये तिथल्या तंत्रनिकेतनांसाठी ती सुरू झाली, 2002 पासून आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने ती देशोदेशींच्या विद्यार्थ्यांसाठी भरवायला घेतली, आणि आपल्याकडे दूरदर्शन राष्ट्रीय फेरी घेऊ लागलं. ही फेरी पूर्वी अनेक वर्षं पुण्याच्या बालेवाडीत व्हायची, अलीकडे ती दिल्लीत होते. दर वर्षी खेळ नवा असतो आणि तो बहुधा यजमान देशाच्या मातीतला असतो. 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय होता लोणी काढणाऱ्या गोविंदाचा. 2022 ला भारत पुन्हा यजमान झाला तेव्हा रोबोंना लगोरी खेळायची होती, म्हणजे चेंडू मारून लगोरी फोडायची आणि समोरचा संघ मारा करत असताना ती परत रचायची. सामना साधारण तीन मिनिटांचा असतो. त्याआधी यंत्र जागेवर लावायला एक मिनिट. अडलं तर ‘रिट्राय’ मागता येतो, पण घड्याळ थांबत नाही.

या तीन मिनिटांत नेमकं काय मोजलं जातं, इथूनच माझा मुद्दा सुरू होतो. समजा, जमिनीवरच्या पांढऱ्या रेषेवरून चालणारा बॉट आहे. त्याच्या पोटाखाली प्रकाशाचं परावर्तन मोजणारे सेन्सर आहेत. किती परावर्तन म्हणजे रेषा आणि किती म्हणजे नुसती जमीन, हा आकडा पोरांनी वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली, फ्लेक्सवर छापलेल्या नकली मैदानावर रात्री दोन वाजता पक्का केलेला असतो. प्रत्यक्ष मैदानावर टीव्हीच्या छायाचित्रणासाठी डोक्यावर प्रखर दिवे असतात आणि जमिनीला वेगळीच चकाकी असते. सेन्सरला सगळीकडे रेषाच दिसायला लागते आणि बॉट पहिल्या वळणावर स्वतःभोवती गिरक्या घेतो. ज्या टीमने हे आधी ताडून आकडा मैदानावरच नव्याने ठरवायची सोय ठेवली, तिची तयारी चांगली होती हे खरं. पण ती सोय न ठेवलेल्या दुसऱ्या एखाद्या टीमच्या वाट्याला सावलीतली बाजू आली आणि ती जिंकली, हेही होतं. कधी बॅटरीचा कनेक्टर धक्क्याने अर्धा मिलिमीटर सरकतो, कधी लिमिट स्विचची पाती वाकते. तीन मिनिटांच्या एका सामन्यात तयारी आणि योगायोग इतके एकमेकांत मिसळलेले असतात की निकालाकडे बघून तयारीबद्दल काही ठरवणं म्हणजे एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधणं. माणूस तरीही नेमकं तेच करतो. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शे यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वैद्यकीय निर्णयांची वर्णनं दिली होती. निर्णय तोच, निर्णय घेताना हाती असलेली माहितीही तीच, बदलला होता फक्त शेवट. रुग्ण वाचला असं सांगितलं की लोकांना डॉक्टरचा निर्णय चांगला वाटला, दगावला म्हटलं की तोच निर्णय वाईट ठरला.

उसाच्या भागात हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. काट्यावर टन कळतात, पण त्या उसातून साखर किती निघणार हे काटा सांगत नाही, त्यासाठी उतारा काढावा लागतो. स्पर्धेचा निकाल म्हणजे काटा. टीममधल्या मुलामुलींचं पुढे काय होतं ते निकालावर थोडं आणि निकालानंतर उतारा काढायला टीम बसते की नाही यावर फार अवलंबून असतं, असं माझं म्हणणं आहे. आणि अडचण अशी की हार आणि जीत दोन्ही, आपापल्या परीने, तो उतारा काढू देत नाहीत.

आधी जिंकण्याचं पाहू, कारण जिंकण्यात धोका असतो हे कोणाला पटकन पटत नाही. टीम जिंकून आली की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर वरच्या ओळीत मान्यवरांचे मोठे चेहरे, मध्ये ‘हार्दिक अभिनंदन’ आणि खाली पासपोर्टच्या आकारात टीम. बातमी येते, सत्कार होतो, भाषणांत ‘ग्रामीण भागातली हुशार मुलं’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. या कौतुकात खोट नाही, पण त्यातल्या ‘हुशार’ या शब्दाने काय होतं यावर काम झालेलं आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग सगळ्यांना अवघड कोडी देऊन अडखळायला लावलं. हुशार म्हटलेल्या मुलांचा चिकाटीने प्रयत्न करण्याचा उत्साह ओसरला, आणि दुसऱ्या मुलांना गुण कळवायची वेळ आली तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. हुशारी हीच ओळख झाली की अपयश हा थेट त्या ओळखीवरचा घाव ठरतो, आणि तो लपवावा लागतो. जिंकलेल्या टीमचं असंच होतं. ज्या यंत्राने गदा आणली, त्याच्या गिअरबॉक्सचा आवाज उपांत्य फेरीपासून बदलला होता, हे सांगायला कोण धजावेल? टीमच्या वहीत त्याची नोंद राहत नाही. पुढच्या वर्षी तोच गिअरबॉक्स ‘आपला विनिंग डिझाइन’ म्हणून ज्युनिअरांच्या हाती जातो.

हरलेल्यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि इथे ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे शाळेच्या भिंतीवरचं वाक्य जरा थांबवून तपासायला हवं. त्याच्या बाजूने बोलणारा भक्कम पुरावा आहे. यांग वांग, बेंजामिन जोन्स आणि दाशुन वांग यांचा 2019 मधला अभ्यास अमेरिकेतल्या अशा तरुण संशोधकांचा आहे, ज्यांनी 1990 ते 2005 या काळात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे मोठ्या अनुदानासाठी अर्ज केले होते. काहींचा अर्ज अगदी थोडक्यात मंजूर झाला, काहींचा अगदी थोडक्यात हुकला. योग्यतेत दोन्ही गट जवळपास सारखेच. पुढच्या दहा वर्षांत, हुकल्यावरही टिकून राहिलेल्यांच्या हातून जास्त प्रभावी संशोधन झालं. कमकुवत माणसं गळून गेली म्हणून सरासरी वर गेली असेल, ही शंकाही लेखकांनी तपासली, आणि तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही असं त्यांना आढळलं. म्हणजे हार खरंच घडवते. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग भिंतीवर कोणी लिहीत नाही. हुकलेला माणूस त्या संस्थेच्या अनुदानव्यवस्थेतून कायमचा दिसेनासा होण्याची शक्यता त्या एका नकाराने दहा टक्क्यांहून जास्त वाढली. हार घडवते ती टिकलेल्यांना. आणि व्यासपीठावर उभं राहून ‘अपयशाने मला शिकवलं’ असं सांगणारा प्रत्येक जण टिकलेल्यांपैकीच असतो. निघून गेलेल्याला सत्काराला कोण बोलावतं?

ते संशोधक डॉक्टरेट मिळवलेले होते, त्यांचं सगळं आयुष्य त्या विषयात गुंतलेलं होतं. कोपरगावच्या किंवा संगमनेरच्या एखाद्या टीममधल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला त्या विषयाशी बांधून ठेवणारा दोर किती बारीक असतो ते बघा. त्याने एक हार आधीच पचवलेली असू शकते. सीईटीनंतरच्या कॅप राउंडमध्ये पहिल्या पसंतीचं कॉलेज निसटलं, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत इथला नंबर लागला, आणि ‘पुण्याला नाही लागला का?’ हा प्रश्न घरच्या लग्नात किमान चार जणांनी विचारून झाला. रोबोच्या नादात हजेरी कमी पडली आहे, गणिताचा विषय राहिला आहे. घरी सांगताना ‘कॉलेजतर्फे जायचंय’ म्हणून प्रवासाचे पैसे घेतले आहेत. अशा मुलाची टीम पहिल्याच फेरीत, बॉट हलला नाही म्हणून, बाहेर पडते. परत आल्यावर त्याला वर्कशॉपची पायरी चढायला काय कारण उरतं? तो भांडत नाही, राजीनामा देत नाही. ग्रुपवरचे मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. सत्र संपता संपता टीम बाराची आठ झालेली असते, आणि उरलेले आठ जण म्हणतात, ज्यांना खरी आवड होती ते राहिले. हे वाक्य ऐकायला खमंग आहे आणि बहुतेक वेळा खोटं आहे. राहिले ते, ज्यांचे विषय राहिले नव्हते किंवा ज्यांच्या घरचे विचारत नव्हते.

हार सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही यात धरायला हवं. मैदानात यंत्रासोबत उतरणारे मोजके तीन-चार जण असतात, बाकीची टीम पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागेत, किंवा प्रेक्षकांत. जीत झाली की फोटोत सगळे. हरलं की प्रश्न एकच, रिमोट कोणाच्या हातात होता? किंवा, वायरिंग कोणी केलं होतं? लेथवर शाफ्ट काढणाऱ्याला कोणी विचारत नाही, कारण शाफ्ट मोडला तर तो दिसतो, आणि सैल सोल्डर दिसत नाही, त्याचा फक्त संशय येतो. दहीहंडीत थर कोसळला तर निदान सगळे मिळून पडतात. आणि संशय आला की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो: स्वतःला गिळून टाकतो, नाहीतर अंगण वाकडं ठरवतो. पंचाने रिट्राय उशिरा दिला, समोरच्यांनी तयार किट वापरलं, त्यांच्या कॉलेजकडे पैसा आहे. यातली शेवटची तक्रार पुष्कळदा खरीही असते. नामांकित संस्थेची टीम दोन जादा मोटर-ड्रायव्हर बॅगेत घेऊन येते आणि आपली टीम जळालेला एक काढून त्याच्या जागी मित्राच्या प्रोजेक्टमधला बसवते. पण खरी असली तरी तिच्यातून पुढच्या वर्षाचा बॉट काही सुधारत नाही.

एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या नेतृत्वाखालच्या गटांत चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती, हाती आलं ते उलटंच. जास्त चुका त्याच गटांच्या नावावर नोंदलेल्या होत्या. शोध घेतल्यावर दिसलं की तिथे लोक चुका जास्त करत नव्हते, जास्त सांगत होते. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. रोबोच्या टीमला हे जसंच्या तसं लागू पडतं. हरलेल्या रात्री ‘कनेक्टर मीच हाताने दाबला होता, टाय लावायचा राहिला’ हे वाक्य ज्या टीममध्ये मोठ्याने बोलता येतं, तिथे पुढच्या वर्षी प्रत्येक कनेक्टरला टाय लागतो. जिथे बोलता येत नाही तिथे पुढच्या वर्षी वायरिंगला दुसरा मुलगा बसतो आणि तोही टाय विसरतो. आणि टाय विसरल्याची गोष्ट टीमच्या कामी आली हे त्या पहिल्या मुलाला दिसलं, तर त्याच्या टीममध्ये राहण्याला एक कारण मिळतं. हिशेब आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, त्या एकाच बैठकीत घडतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो तालमीतून. जिंकायची ईर्षाच काढून घेतली तर रात्री दोन वाजता सोल्डरिंग कोण करेल? आक्षेप योग्य आहे, आणि मी ईर्षा काढून घ्या म्हणत नाही. तारीख, प्रतिस्पर्धी आणि हरण्याची भीती नसेल तर बहुतेक रोबो कागदावरच राहतील. पण ईर्षेचा उपयोग कुठे होतो हे बघावं. टेरेसा अमाबिले यांनी 1982 मध्ये लहान मुलींकडून कोलाज करून घेतले. एका गटाला सांगितलं की उत्तम कोलाजला बक्षीस आहे, दुसऱ्या गटाची बक्षिसं सोडतीने काढायची होती. परीक्षकांना स्पर्धेतल्या मुलींचे कोलाज कमी कल्पक वाटले. म्हणजे ईर्षा हात चालवते, नवीन काही सुचवत मात्र नाही. नव्या खेळासाठी नवा हात किंवा नवा फेकणारा बनवायचा असतो त्या पहिल्या दोन महिन्यांत ईर्षा अडथळाच करते. सगळे गेल्या वर्षीच्या विजेत्यांचे व्हिडिओ लावून त्यांचंच यंत्र बनवू लागतात.

दुसरा आक्षेप: मग काय सगळ्यांनाच बक्षीस द्यायचं? सहभागाचं प्रमाणपत्र देऊन पाठ थोपटायची? नाही, तेही फसवणूकच. बॉट हलला नाही तर तो हलला नाही. पण बक्षीस कशाला द्यायचं याचे पर्याय स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हातात असतात, आणि काहींनी ते वापरलेही आहेत. जपानमधल्या तंत्रनिकेतनांच्या रोबोकॉनमध्ये सर्वोच्च मान अजिंक्यपदाला नाही. तो ‘रोबोकॉन ताइशो’ नावाच्या पुरस्काराला आहे, आणि तो कल्पनेसाठी दिला जातो. पहिल्या फेरीत हरलेल्या टीमलाही तो मिळू शकतो. अमेरिकेत डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेच्या स्पर्धांत आणखी वेगळी युक्ती आहे. तिथे टीम एकट्याने खेळत नाही, आघाडी करून खेळते, आणि प्राथमिक फेऱ्यांत या आघाड्या दर सामन्याला बदलतात. सकाळी जिच्याविरुद्ध खेळलात ती टीम दुपारी तुमची जोडीदार. तिचा बॉट बंद पडला तर तुमचंच नुकसान, म्हणून पिटमध्ये लोक स्वतःचा पाना प्रतिस्पर्ध्याला देतात. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या वागण्याला सभ्य व्यावसायिकता अशा अर्थाचं नाव दिलं आणि ते त्या संस्थेचं ब्रीदच झालं. मला यात ब्रीदापेक्षा नियम महत्त्वाचा वाटतो. उदार व्हा असं सांगून कोणी उदार होत नाही, नियमच असा केला की उदार होणं फायद्याचं ठरतं. आपल्या जिल्ह्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना असा नियम करायला एक रुपयाही लागत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त टोचतो. हे सगळे पुरावे परदेशी आहेत, आणि त्यातले काही पुढे फुगवूनही सांगितले गेले. ड्वेक यांच्या विचारांवर आधारलेला छोटा ऑनलाइन पाठ अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांना देऊन पाहिला, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. कमी गुण मिळवणाऱ्या मुलांना फायदा झाला, पण तो बारीकसा होता. भाषणबाजीत सांगतात तसं एका तासात कोणाचं आयुष्य पालटलं नाही. मला यात माझ्या म्हणण्याला धक्का दिसत नाही, उलट दुजोराच दिसतो. मनोवृत्ती बदला असं सांगणारा एक तास फार काही करत नाही. दर आठवड्याला, दर ट्रायलनंतर, काय बिघडलं ते नावानिशी नव्हे तर जागेनिशी वहीत लिहायची सवय ही वेगळी चीज आहे. ती वृत्तीवर अवलंबून नसते, वर्कशॉपच्या किल्ल्या ज्या सरांकडे असतात त्यांच्यावर असते.

राहता राहिला प्लेसमेंटचा आक्षेप. मुलाखतीत ट्रॉफी विचारतात, वही कोण विचारतो? बायोडेटा चाळताना ट्रॉफी दिसते हे खरं. पण समोर बसलेला माणूस कारखान्यातला असेल तर पुढचा प्रश्न हाच असतो की तुम्ही यात नेमकं काय केलं आणि काय अडलं. जिंकलेल्या टीममधल्या ज्या मुलाला फक्त ‘आमचा पहिला नंबर आला’ एवढंच सांगता येतं तो तिथे अडखळतो. सेन्सरचा आकडा ट्यूबलाइटखाली ठरवला आणि मैदानावर तो का फसला, हे जो सांगू शकतो त्याची मुलाखत लांबते. अर्थात सगळ्याच मुलाखती अशा नसतात. काही ठिकाणी नुसती ट्रॉफीही पुरते.

दिल्लीची फेरी आटोपून नगरला परतायचं तर झेलम एक्स्प्रेसचा जवळजवळ एक दिवसाचा प्रवास आहे. सीटखाली खिळे ठोकलेल्या लाकडी पेट्यांत सुटा केलेला बॉट, वर दमलेली टीम. जिंकलेली टीम या प्रवासात झोपते किंवा गाणी म्हणते. हरलेली टीम पहिले काही तास बोलतच नाही, मग कोणीतरी पत्ते काढतो, ज्याच्या हातात रिमोट होता तो वरच्या बर्थवर तोंड फिरवून पडलेला असतो. वही बहुतेक वेळा त्या पेट्यांमध्येच बंद असते, मोटारींच्या खाली. तेवढी ती बाहेर, बॅगेत ठेवली, आणि मनमाड यायच्या आत बर्थवरच्या मुलाला खाली बोलावून पहिली ओळ त्यालाच लिहायला दिली, तर सोमवारी वर्कशॉपमध्ये किती जण येतात ते मोजून पाहण्यासारखं आहे.